चावीची खाच

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, ते आम्हाला रेखाकला आणि कार्यशाळा असे दोन विषय शिकवीत. पहिल्या विषयाला परीक्षेत गुण होते, म्हणून मुले तिकडे लक्ष देत. दुसऱ्याला गुण नव्हते. तरीही शाळेच्या मागच्या बाजूची ती कौलारू खोली संध्याकाळपर्यंत गजबजलेली असे. मी १९७२ साली या शाळेतून बाहेर पडलो, उद्यमबागेतील कारखान्यांत लेथवर काम केले आणि १९८० साली अनगोळातील घरामागे पत्र्याची खोली घालून तीत राजकोट बनावटीचा एक जुना साडेचार फुटी लेथ मांडला. नोकरी केव्हाच संपली. लेथ अद्याप चालतो.

संपादक मंडळाने या पुस्तिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी संकोचून म्हणालो की, विद्वत्तेचे काही लिहिणे मला साधणार नाही. गुरुजींकडून जी एक गोष्ट मी नीट शिकलो, तीच लिहितो. ती गोष्ट म्हणजे पुलीच्या भोकात चावीची खाच कशी कापावी आणि त्यासाठी लागणारी साधने घरच्या घरी कशी बनवावीत. विषय लहान आहे. परंतु तो शिकताना मी एका गरीब बाईचे जे नुकसान केले, ते लहान नव्हते.

चावी आणि तिचे काम

विजेच्या मोटारीचा दांडा फिरतो आणि त्यावर बसविलेली पुली त्याच्याबरोबर फिरते. पुलीचे भोक दांड्यावर कितीही घट्ट बसविले, तरी केवळ घट्टपणावर विसंबून चालत नाही. भार आला की दांडा आत फिरत राहतो आणि पुली जागेवर घसरते. म्हणून दांड्यावर लांबीच्या दिशेने एक खाच आणि पुलीच्या भोकात तिच्यासमोर दुसरी खाच कापून त्या दोहोंत मिळून पोलादाचा एक चौकोनी तुकडा बसवितात. हीच चावी. कारखान्यात तिच्या खाचेला सर्रास ‘की-वे’ म्हणतात.

या इवल्याशा तुकड्यावर केवढा भार येतो, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा करून पाहावा. पाच अश्वशक्तीची, मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेणारी मोटार घेऊ. तिच्या दांड्याचा व्यास बहुधा २८ मिलिमीटर असतो. पूर्ण भारावर अशा दांड्याच्या पृष्ठभागाशी जवळजवळ १७५ किलोचा रेटा येतो आणि मोटार सुरू होताना तो दुपटीवर जातो. हा सर्व रेटा चावीच्या एका कुशीवरून पुलीच्या खाचेच्या भिंतीवर पडतो.

आपल्या गावाला ही विद्या परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलच्या दुकानाने उद्योगाचा श्रीगणेशा केला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर येथे घडू लागले, आणि १९१० साली त्यांनी आपला कारखाना किर्लोस्करवाडीस नेला. कडबा कापण्याच्या यंत्राचे जड चाक असो, उसाचा चरक असो किंवा पिठाची गिरणी असो, चाक आणि दांडा यांची गाठ पक्की नसेल तर बाकीची सारी कारागिरी व्यर्थ जाते. विलायतेतही प्रारंभी ही खाच फिटर छिन्नीने आणि कानशीने कापीत. मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्स यांनी १८२०च्या दशकात चाकांतील खाचा कापणारे यंत्र बांधले, तेव्हापासून त्या कामाला यंत्राचा हात लागला. त्याच यंत्राच्या वंशातले स्लॉटिंग मशीन आज उद्यमबागेत सहज पाहावयास मिळते. घरच्या खोलीत मात्र ते परवडत नाही आणि मावतही नाही.

माझी चूक

१९८१ सालची गोष्ट. आमच्या गल्लीत एक विधवा बाई पिठाची गिरणी चालवीत. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणत असू. नवरात्राच्या आधी त्यांच्या मोटारीची पुली फुटली. फाउंड्रीतून बिडाची नवी पुली ओतून आणली; तिचे भोक मी माझ्या लेथवर २८ मिलिमीटरला कातून दिले. राहिली होती ती चावीची खाच. स्लॉटिंग करणाऱ्याकडे आठवडाभराची रांग होती. मावशींची घाई पाहून मी फुशारकीने म्हणालो, “त्यात काय, मी कानशीने करून देतो.”

हॅकसॉचे पाते भोकातून ओवून मी दोन चिरा घेतल्या, मधला भाग छिन्नीने काढला आणि पुढे दोन संध्याकाळ कानस चालविली. चावी ठोकून बसविली, ती बसलीही. गिरणी सुरू झाली आणि मला चहा मिळाला.

दिवाळी दहा दिवसांवर आली असताना, भाजणीच्या दळणांचे डबे ओळीने लागलेले असताना, पुलीत खडखड सुरू झाली. मावशींनी मोटार बंद करीपर्यंत पुलीचा गाभा खाचेच्या कोपऱ्यातून उभा चिरला होता. पट्टा उडून भिंतीवर आदळला. सुदैवाने तेथे कोणी उभे नव्हते. गिरणी चार दिवस बंद राहिली. बायका आपापले डबे उचलून दुसऱ्या गिरणीकडे गेल्या. वर्षातली खरी कमाई ज्या दिवसांत व्हायची, तेच ते चार दिवस. मावशी एवढेच म्हणाल्या, “बाबा, तू मुद्दाम केलं नाहीस, पण माझे चार दिवस गेले की रे.”

फुटलेली पुली पिशवीत घालून मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी ती उजेडाकडे धरली, खाचेच्या भिंतीला पोलादी पट्टी लावली आणि मला पाहावयास सांगितले. पट्टी मध्यभागी टेकत होती आणि दोन्ही टोकांना उजेड दिसत होता. खाच तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद झाली होती. चावीचा आधार मधल्या थोड्याशा लांबीवरच होता. मोटारीच्या प्रत्येक धक्क्याने ती तेथे ठोके घालीत राहिली, खाच सैल झाली आणि अखेर बीड चिरले.

“तुझा हात वाईट नाही रे,” गुरुजी म्हणाले. “माणसाचा हात खांद्यातून आणि कोपरातून फिरतो, म्हणून तो कमानीत चालतो. त्याला सरळ चाल म्हणून चालत नाही. त्याला रूळ घालून द्यावा लागतो. खाच कशानं कापायची ते नंतर बघ. आधी तिला सरळ कोण नेणार ते ठरव.”

पुढे मी जी जी साधने केली, ती या एका वाक्यावर उभी आहेत. कापणारी धार दोन-चार रुपयांच्या टूलच्या तुकड्यातही मिळते. सरळ नेणारा मार्ग मात्र शोधावा लागतो.

पहिले साधन : लेथचाच रूळ

गुरुजी दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर आले आणि लेथच्या बेडवर हात ठेवून म्हणाले, “हा काय रूळच आहे की.” लेथचे कॅरेज बेडवरून सरळ आणि अक्षाला समांतर सरकते. त्यावर टूल बांधून कॅरेज मागेपुढे ढकलले, तर लेथ न फिरविता त्याच्याकडून खाच कापून घेता येते.

त्यासाठी २० मिलिमीटर जाडीचा पोलादी बार घेतला, त्याच्या टोकाशी आडवे भोक पाडून त्यात हाय स्पीड स्टीलचा टूल बसविला आणि मागून ग्रब स्क्रूने आवळला. भोक कातताना टूलचा कापणारा चेहरा वर असतो. येथे टूल पाव फेरा वळवून तो चेहरा हेडस्टॉककडे करावयाचा. चेहऱ्याच्या मागे दोन्ही कुशींना अंश-दोन अंशांचा आणि टोकाला पाच अंशांच्या आसपास उतार द्यावा, म्हणजे टूल घासत नाही. बिडासाठी चेहरा सपाट चालतो. पोलादासाठी त्याला थोडा मागे कल द्यावा. टूलचे दोन कोपरे सुईसारखे टोकदार ठेवू नयेत. पाव मिलिमीटरच्या आसपास गोलाई द्यावी. खाचेच्या तीक्ष्ण कोपऱ्यातूनच चीर सुरू होते, हे मावशींच्या पुलीने मला शिकविले होते.

काम सुरू करण्यापूर्वी मोटारीचा मुख्य खटका बंद करून प्लग काढून ठेवावा. चकमध्ये पुली धरलेली, आत बार घातलेला आणि चुकून मोटार सुरू झाली, तर काय होईल याची कल्पना करावी. चक हलू नये म्हणून माझ्या लेथला बॅक गिअर घालून सरळ गतीची खीळही तशीच ठेवली की तो जखडतो. परंतु गिअरच्या दातांत थोडी ढिलाई असतेच, म्हणून मी चकचा जबडा आणि बेड यांच्यामध्ये लाकडाची पाचरही ठोकतो. पुलीच्या मागे चकच्या तोंडापासून बोटभर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे टूल पलीकडे निघतो आणि कीस पडून जातो.

टूलची मध्यरेषा लेथच्या अक्षाच्या नेमक्या उंचीवर असली पाहिजे. ती वर-खाली झाली तर खाच व्यासावर न येता एका कुशीला पडते आणि पुली बसविताना चावी तिरकी जाते. नवशिक्यांच्या हातून ही चूक हमखास होते. मी टेलस्टॉकचे सेंटर टूलजवळ आणून उंची जुळवितो.

आता प्रत्येक खेपेस किती कापावे? ८ मिलिमीटर रुंदीचा टूल पोलादात एका खेपेस पाच शतांश मिलिमीटर कापू लागला, तर ढोबळ हिशेबाने सव्वाशे ते दीडशे किलोचा रेटा लागतो. बिडाला त्याहून कमी. हा सारा भार कॅरेजखालच्या दंतपट्टीवर पडतो. ती अशा कामासाठी केलेली नसते. म्हणून मी आधी ५ मिलिमीटर रुंदीच्या टूलने खाच मोकळी करतो आणि मग पूर्ण रुंदीच्या टूलने ती पुरी करतो. पाच शतांशांहून अधिक खोली एका खेपेस देत नाही. परत येताना टूल किंचित मागे घ्यावा, नाहीतर धार घासून मरते.

बार वाकतो, हेही लक्षात ठेवावे. २० मिलिमीटरचा बार टूल पोस्टच्या बाहेर ८० मिलिमीटर निघाला असेल आणि त्यावर बाजूने ४० किलोचा भार आला, तर त्याचे टोक सुमारे चार शतांश मिलिमीटर वाकते. म्हणजे आपण पाच शतांश दिले असे समजतो आणि प्रत्यक्षात कापला जातो एकच शतांश. म्हणून प्रत्येक पाचव्या खेपेनंतर खोली न वाढविता दोन-तीन कोऱ्या खेपा घ्याव्यात. बार निम्म्या जाडीचा केला तर तो सोळापट वाकतो, आणि दुप्पट लांब काढला तर आठपट. बार भोकात मावेल तेवढा जाड आणि काम होईल तेवढाच लांब ठेवावा.

मावशींच्या दुसऱ्या पुलीला सगळ्या मिळून दीडशेच्या आसपास खेपा लागल्या. गुरुजी स्टुलावर बसून मोजत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी गिरणी सुरू झाली. ती पुली १९९६ साली गिरणी कायमची बंद होईपर्यंत चालली.

दुसरे साधन : तरफ

त्या दीडशे खेपांनी माझा खांदा भरून आला आणि दंतपट्टीची काळजी वाटू लागली. म्हणून पुढच्या वर्षी मी तरफेचे साधन केले. लेथच्या टूल पोस्टखाली जी छोटी कंपाउंड स्लाइड असते, ती अक्षाला समांतर लावून तिचा स्क्रू काढून टाकला. आता ती हाताने ढकलली तरी मोकळी सरकते. क्रॉस स्लाइडवर एक खुंटा बोल्टने बसवून त्यावर ४० बाय १० मिलिमीटरच्या पट्टीची तरफ खिळली. खुंट्यापासून हातापर्यंतची बाजू ४५० मिलिमीटर आणि स्लाइडकडची बाजू ७५ मिलिमीटर, म्हणजे सहास एक. जेथे दीडशे किलोचा रेटा हवा, तेथे हाताला पंचवीस किलो लावावे लागतात.

तरफेचे टोक स्लाइडला थेट जोडता येत नाही. कारण टोक कमानीत फिरते आणि स्लाइड सरळ चालते. दोहोंच्या मध्ये दोन पिनांचा एक आखूड दुवा घालावा लागतो. तो घालताना मला गुरुजींचे खांदा-कोपराचे बोलणे आठवले.

या व्यवस्थेत कॅरेज बेडला आवळून ठेवता येते, त्यामुळे दंतपट्टीवर भार येत नाही. खोली पूर्वीप्रमाणेच क्रॉस स्लाइडने द्यावयाची. स्लाइडच्या गिबचे स्क्रू नेहमीपेक्षा थोडे घट्ट करावेत. मर्यादा एवढीच की, लहान लेथच्या कंपाउंड स्लाइडची चाल ७५-८० मिलिमीटरच असते. त्यामुळे ५०-५५ मिलिमीटरपर्यंतच्या गाभ्याचीच कामे तीत होतात. घरगुती पुल्या आणि लहान गिअर यांना ते पुरते.

तिसरे साधन : बूश आणि एकदाती ब्रोच

कधी पुली इतकी मोठी असते की ती लेथच्या बेडवर फिरत नाही. अशा वेळी पुली लेथवर न आणता रूळच पुलीत न्यावा. भोकात अलगद पण न डुलता बसेल असे एक पोलादी बूश कातावे आणि वरच्या टोकाला कॉलर ठेवावी. बूशच्या बाहेरच्या अंगाला लांबीभर, चावीच्या रुंदीची खाच घ्यावी. ही खाच उघड्यावर असल्यामुळे पट्टी लावून, उजेडात पाहून ती नीट सरळ करता येते. भोकाच्या अंधारात जे साधत नाही, ते आधी बाहेर साधून घ्यावयाचे आणि मग तो सरळपणा आत न्यावयाचा, एवढीच यातली युक्ती आहे.

या खाचेत सरकणारा एक चौकोनी पोलादी दांडा करावा आणि त्यात हाय स्पीड स्टीलचा एकच दात पक्का बसवावा. दाताच्या पुढे दांड्याचे शेपूट एवढे लांब असावे की, दात बिडाला लागण्यापूर्वी शेपूट बूशमध्ये पुरते शिरलेले असेल. दांडा वरून दाबला की दात भोकाची भिंत तासत खाली जातो. एका खेपेनंतर दांडा काढून त्याच्या पाठीमागे पितळेच्या पातळ पत्र्याची एक पट्टी घालावी आणि पुन्हा दाबावे. बिडासाठी ०.१ मिलिमीटरचा पत्रा चालतो, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आतल्या खाचेसाठी पस्तीसएक खेपा. पोलादासाठी निम्म्या जाडीचा पत्रा घेऊन दुप्पट खेपा घ्याव्यात. दाढीच्या पात्याची जाडीही ०.१ मिलिमीटरच्या जवळपास असते आणि मी प्रारंभी तीच वापरली. पण बोट कापून घेतल्यावर पितळेकडे वळलो.

दाबण्यासाठी हातोडा वापरू नये. फटक्याने दात तुटतो आणि तुटलेला तुकडा डोळ्याकडे येतो. मी लोखंडी चॅनेलची चौकट वेल्डिंग करून घेतली आणि तीत मोटारीचा तीन टनी बाटली-जॅक बसविला. चष्मा घालावा आणि दाब देताना समोर उभे राहू नये. बीड कोरडे कापावे. पोलादाला तेल सोडावे.

बाजारात मिळणाऱ्या ब्रोचला एकामागून एक चढत्या उंचीचे अनेक दात असतात आणि दोन-तीन खेपांत काम होते. तसा ब्रोच मी सिल्व्हर स्टीलचा करून पाहिला. दात कानशीने घडविले, लालबुंद करून पाण्यात पाणी दिले आणि गवती रंग येईपर्यंत उतरविले. पहिला ब्रोच पाणी देताना वाकला. दुसरा चालला, पण त्याचे दोन दात सारख्या उंचीचे राहिले होते. त्यामुळे त्यांच्या पुढच्या दातावर दुप्पट भार येऊन तो उडाला. घरी करावयाचे तर एकदाती ब्रोच बरा, असे माझे मत झाले. वेळ जास्त लागतो. पण दात बोथट झाला तर पाच मिनिटांत काढून पुन्हा घासता येतो.

मोजणे आणि बसविणे

दांड्याच्या व्यासाच्या सुमारे पाव रुंदीची चावी हा जुना अंदाज. नेमकी मापे भारतीय मानक आयएस २०४८ मध्ये दिलेली आहेत. व्यास २२ च्या वर ते ३० मिलिमीटरपर्यंत असेल तर चावी ८ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर उंच. दांड्यातली खाच ४ मिलिमीटर खोल आणि पुलीतली ३.३ मिलिमीटर. दोहोंची बेरीज ७.३ होते, आणि चावी आहे ७ ची. म्हणजे वर ०.३ मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली आहे. ही समांतर चावी कुशींनी भार घेते; माथ्याने तिने टेकावयाचे नसते. माथा टेकला तर पुली एका बाजूला उचलली जाऊन डुलते. शंभरास एक उताराची चावी निराळी. ती माथ्याने आणि तळाने घट्ट बसते, आणि तिच्यासाठी पुलीतली खाचही तशीच उतरती असावी लागते.

खोली मोजताना एक सापळा आहे. भोकाची भिंत वाकलेली आणि टूल सपाट. म्हणून टूलचे दोन कोपरे भिंतीला आधी लागतात, मध्यभाग मागून. २८ मिलिमीटरच्या भोकात ८ मिलिमीटरचा टूल लागला त्या क्षणी त्याच्या मध्यासमोर अजून ०.५८ मिलिमीटर अंतर शिल्लक असते. टूल लागला तेथे शून्य धरून ३.३ दिले, तर खाच तेवढीच उथळ राहते. मग चावी माथ्याने अडते, आणि माणूस चिडून चावीचा माथा कानशीने घासत बसतो. मीही बसलो आहे. त्यापेक्षा डायलच्या आकड्यावर न विसंबता खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत व्हर्नियरने मोजावे. २८ च्या भोकाला हे माप ३१.३ यावे.

रुंदीचे माप दोन शतांश मिलिमीटरच्या आत राखावे. चावीचा तुकडाच गेज म्हणून वापरावा. तो अंगठ्याच्या जोराने दोन्ही टोकांकडून सारखाच आत गेला पाहिजे. एका टोकाकडून सैल आणि दुसऱ्याकडून घट्ट जात असेल, तर खाच तिरकी आहे. दोन्ही टोकांना सैल आणि मध्ये घट्ट असेल, तर ती माझ्या पहिल्या पुलीची बहीण आहे. ती यंत्रावर चढवू नये.

आज हे कशासाठी?

आज उद्यमबागेत वायरकटवर अशी खाच संगणकाच्या आज्ञेने कापून मिळते आणि तिच्यात केसभरही चूक निघत नाही. ज्याला दहा पुल्या वेळेवर द्यावयाच्या आहेत त्याने तेथेच जावे, मीही जातो. घरची साधने कारखान्याशी स्पर्धा करण्यासाठी नाहीत. परंतु वायरकटवर बसलेला तरुण जेव्हा मला विचारतो की, “काका, खाच बरोबर मापात आहे, तरी पुली डुलते कशी?”, तेव्हा मला कळते की त्याने खाच कापवून घेतली आहे, कधी स्वतः कापलेली नाही. भोकाचा अक्ष आणि खाच यांचे नाते त्याच्या हाताला ठाऊक नाही. संगणकाला माप सांगता येते. नाते जाणणारा माणूस लागतोच.

शाळेच्या मागच्या खोलीला आता कुलूप असते. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी ती उघडून पाहिली. लेथवर गंज चढला आहे, पण बेड शाबूत आहे. कॅरेजला तेल घातल्यावर ते हलले. कंपाउंड स्लाइडला थोडी ढिलाई आहे. गिब घासून ती निघेल. दोन मुले कुतूहलाने दाराशी येऊन उभी राहिली आणि हे काय करते, असे विचारू लागली. मी त्यांना कॅरेज मागेपुढे ढकलावयास दिले.

संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे की, आठवड्यातून दोन संध्याकाळ ती खोली उघडी ठेवावी. तेल, टूल आणि बिडाचे तुकडे मी आणीन. माझी तरफ आणि माझे बूश मी तेथेच ठेवून देईन; ती मला यापुढे घरी फारशी लागणार नाहीत. परीक्षेत या विषयाला गुण नसले तरी चालेल, पूर्वीही नव्हते. या संध्याकाळी एखाद्या मुलाने आपली पहिली खाच वाकडी कापली, तर ती शाळेच्या बाकावरच उजेडाकडे धरून पाहता येईल. त्यासाठी कोणाची गिरणी चार दिवस बंद पडावी लागणार नाही.